मराठी वेबसाइट स्वतःला 'इंग्रजी' का म्हणवते? एका उद्गारचिन्हामागचे सेटिंगचे थर

मोशी, भोसरी किंवा चाकणमधल्या एखाद्या दवाखान्याची, पतसंस्थेची किंवा मेसची मराठी वेबसाइट कंप्युटरवर उघडा. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि यू ही बटणं एकत्र दाबा. पानाच्या मागचा कोड समोर येईल. त्यात अगदी वर, साधारण दुसऱ्या ओळीत, 'एचटीएमएल' या टॅगच्या शेजारी 'लँग' असा शब्द असतो आणि त्याच्यापुढे दोन अक्षरं. ही दोन अक्षरं म्हणजे पानाची भाषा. मराठीसाठी ती 'एमआर' हवीत. तिथे 'ईएन' दिसलं, तर ते पान सांगतंय की मी इंग्रजी आहे. मजकूर भले पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मराठी असो.

गंमत म्हणजे हे 'ईएन' बहुतेक वेळा कोणी मुद्दाम टाइप केलेलं नसतं. कोड लिहिणाऱ्यानं एक शॉर्टकट वापरलेला असतो आणि त्याच्यासोबत ते आपोआप आलेलं असतं. दुरुस्ती एका ओळीची आहे. पण ती ओळ कुठे लिहायची, यावर ती चालणार की वाया जाणार हे ठरतं. अनेकजण अडकतात ते तिथेच.

एमेट नावाची मुंगी

वेबपेजचा कोड लांबलचक असतो. प्रत्येक टॅग उघडायचा, बंद करायचा, आत सरकवून लिहायचा. हे श्रम वाचवण्यासाठी 'एमेट' नावाचं टूल आहे. त्यात लघुरूप लिहायचं आणि टॅब दाबायचं. 'यूएल', पुढे > हे चिन्ह, मग 'एलआय', चांदणी आणि ५ एवढं लिहिलं की पाच मुद्द्यांच्या यादीचा पूर्ण कोड उमटतो. स्टाइलच्या फाइलमध्ये 'एम१०' लिहिलं की मार्जिन १० पिक्सेल अशी अख्खी ओळ तयार.

सुरुवातीला याचं नाव 'झेन कोडिंग' होतं. व्हादिम माकेयेव यांनी २००८ मध्ये ते सुरू केलं आणि पुढे सर्गेई चिकुयोनोक यांनी वाढवलं. नंतर नाव बदलून एमेट झालं. एमेट हा मुंगीसाठीचा जुना इंग्रजी शब्द. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझं वाहणारी मुंगी, म्हणून हे नाव. आज मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या एडिटरमध्ये एमेट आधीपासूनच बसवलेलं येतं. वेगळं डाउनलोड करावं लागत नाही. त्यामुळे हिंजवडीच्या आयटी पार्कमधली मोठी कंपनी असो की पिंपळे सौदागरच्या एका खोलीत चालणारं वेब डिझाइनचं दुकान, दोन्हीकडे एमेट सहज सापडतं.

त्यातला सगळ्यात लाडका शॉर्टकट म्हणजे एक साधं उद्गारचिन्ह. रिकाम्या फाइलमध्ये ! लिहून टॅब दाबलं की अख्ख्या पानाचा सांगाडा उभा राहतो. शीर्षकाची जागा, मजकुराची जागा, मोबाइलच्या रुंदीची ओळ आणि पानाची भाषा. (शीर्षकाच्या जागी एमेट 'डॉक्युमेंट' असं लिहून ठेवतं. ब्राउझरच्या टॅबवर नुसतं 'डॉक्युमेंट' असं नाव असलेल्या वेबसाइट दिसल्या असतील, तर त्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असतं.)

एमेटच्या साच्यात भाषेचं नाव थेट लिहिलेलं नाही. तिथे एक रिकामी जागा सोडली आहे, सरकारी फॉर्मवर 'श्री./श्रीमती ______' असं असतं तशी. या जागेचं नाव 'लँग'. टॅब दाबलं की एमेट सेटिंगमध्ये बघतं आणि जागा भरतं. सेटिंगमध्ये कोणी काहीच लिहिलं नसेल, तर मूळ किंमत वापरतं. ती मूळ किंमत म्हणजे 'ईएन'.

पण यानं बिघडतं काय?

डोळ्यांनी वाचणाऱ्याला फरक चटकन दिसत नाही. गूगल सर्चलाही फार फरक पडत नाही, कारण पानाची भाषा आपण समोर दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतो, कोडमधल्या खुणेवरून नाही, असं गूगल स्वतःच सांगतं. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. ग्राहक तक्रार करत नाही, ट्रॅफिक कमी होत नाही.

फटका बसतो तो कानांनी वाचणाऱ्याला. दृष्टिहीन व्यक्ती 'स्क्रीन रीडर' वापरतात. हे सॉफ्टवेअर स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवतं. एनव्हीडीए हे त्यातलं मोफत मिळणारं आणि भारतातही वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. कोणत्या भाषेच्या आवाजात वाचायचं, हे असं सॉफ्टवेअर पानावरच्या त्या दोन अक्षरांवरून ठरवतं. पानानं 'ईएन' सांगितलं की इंग्रजी आवाज पुढे येतो आणि त्याच्यासमोर देवनागरी मजकूर. मग काय होईल, ते त्या आवाजावर अवलंबून. कोणी गप्प बसतो, कोणी एकेका अक्षराचं नाव घेत बसतो. काही आवाज देवनागरी दिसली की ती हिंदी समजून वाचतात.

हिंदी समजून वाचलं तर निदान कळेल तरी, असं वाटू शकतं. पण मराठीत 'च'चे दोन उच्चार आहेत. 'चार' मधला वेगळा आणि 'चाक' मधला वेगळा. 'ज'चंही तसंच. हिंदी आवाजाला हा फरक माहीतच नाही. एखादा शब्द असा चुकला तर चालून जातं. दवाखान्याच्या वेळा, औषधाच्या सूचना किंवा कर्जाच्या अटी अशा आवाजात सलग दहा मिनिटं ऐकायच्या म्हटलं तर डोकं उठतं.

अजून एक परिणाम आहे, आणि तो डोळ्यांना दिसतो. मराठीतला 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. हिंदीत या दोन्ही अक्षरांची वळणं वेगळी. राज्य सरकारनं २००९ मध्ये वर्णमालेबद्दल शासन निर्णय काढला, तेव्हा ही मराठी वळणं त्यात ठरवून दिली होती. नोटोसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात. कोणतं दाखवायचं हे फॉन्ट पानाच्या भाषेवरून ठरवतो. 'एमआर' असेल तर मराठी वळण, नसेल तर हिंदी. म्हणजे शाळेत मुलाला एक 'ल' शिकवायचा आणि शाळेच्या वेबसाइटवर दुसरा दाखवायचा, असा प्रकार दोन अक्षरांपायी होतो.

आणि हा फक्त सोयीचा प्रश्न नाही. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठी जगभर 'डब्ल्यूसीएजी' हे निकष मानले जातात. पानाची भाषा कोडमध्ये बरोबर सांगितलेली असणं, हा त्यातल्या अगदी प्राथमिक, 'ए' पातळीच्या निकषांपैकी एक. भारत सरकारच्या वेबसाइटसाठीची मार्गदर्शक तत्त्वंही याच निकषांवर बेतलेली आहेत. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं 'सारथी' हेल्पलाइन सुरू केली ती २०१३ मध्ये. तेव्हापासून या शहरातली कामं फोनवर आणि स्क्रीनवर सरकत गेली आहेत. जी माणसं ती स्क्रीन ऐकतात, त्यांच्यासाठी 'ईएन' की 'एमआर' हा बारीकसारीक मुद्दा राहत नाही.

ड्रॉइंगवरचं टॉलरन्स आणि सेटिंगचे थर

आता मुख्य प्रश्न. 'ईएन' बदलायचं कुठे?

चाकण-भोसरीच्या कोणत्याही मशिन शॉपमध्ये याचं उत्तर अर्धं माहीत असतं, फक्त वेगळ्या नावानं. पार्टचं ड्रॉइंग येतं तेव्हा खालच्या चौकटीत लिहिलेलं असतं की ज्या मापांना वेगळं टॉलरन्स दिलेलं नाही, त्यांना आयएसओ २७६८ मधली मध्यम श्रेणी लागू. म्हणजे ७५ मिलिमीटरच्या मापाला ±०.३ चालतं. पण त्याच ड्रॉइंगवर एखाद्या बोअरच्या मापाशेजारी ±०.०२ लिहिलं असेल, तर तिथे चौकटीतला सरसकट नियम बाजूला राहतो. आणि एखाद्या लॉटपुरतं ग्राहकानं डेव्हिएशन मंजूर केलं असेल, तर त्या लॉटला ते लागू. नियमांचे तीन थर झाले. काहीच सांगितलं नसेल तर तळाचा, नाहीतर त्याच्या वरचा.

एमेटचंही असंच आहे, फक्त थर सहा आहेत. पारदर्शक कागद एकावर एक ठेवल्याची कल्पना करा. वरच्या कागदावर जे लिहिलं असेल तेवढंच खालचं झाकतं, बाकी खालचं दिसत राहतं.

सगळ्यात खाली एमेटची मूळ यादी. भाषा 'ईएन', आत सरकवायला टॅब, पूर्ण आकड्याला पिक्सेल. त्याच्यावर प्रकाराचा कागद. एमेटसाठी कामाचे प्रकार दोनच, पानाचा मजकूर रचणारं मार्कअप आणि रंगरूप ठरवणारी स्टाइलशीट. त्याच्यावर त्या त्या भाषेचा कागद. उदाहरणार्थ साध्या स्टाइलशीटमध्ये ओळीच्या शेवटी अर्धविराम लागतो, पण सॅस नावाच्या तिच्या भावंडात लागत नाही. म्हणून सॅसच्या कागदावर 'शेवटी काही नको' असं लिहिलेलं आहे. हे तीन कागद एमेट बनवणाऱ्यांचे. पुढचे तीन वापरणाऱ्याकडून येतात. आधी वापरणाऱ्यानं संपूर्ण प्रकारासाठी केलेला बदल, मग त्यानं एखाद्या भाषेसाठी केलेला बदल आणि सगळ्यात वर, टॅब दाबल्याच्या क्षणी एडिटरनं एमेटच्या हातात दिलेली सेटिंग.

क्रम नीट पाहिला तर एक गोष्ट खटकेल. ड्रॉइंगमध्ये जो नियम मापाच्या जास्त जवळचा तो जिंकतो. एमेटमध्ये आधी बघितलं जातं की नियम कोणाचा. वापरणाऱ्यानं अख्ख्या मार्कअपसाठी सांगितलेली ढोबळ गोष्टसुद्धा, एमेटनं एखाद्या भाषेसाठी विचारपूर्वक ठेवलेल्या खास गोष्टीवर मात करते.

याचा फटका कसा बसतो? सब्लाइम टेक्स्ट या एडिटरच्या एमेट प्लगइनमध्ये असे बदल लिहिता येतात. समजा, कोणी तिथे मार्कअपसाठी सांगितलं की ओळ तोडणाऱ्या टॅगच्या शेवटी तिरपी रेघ नको. साध्या एचटीएमएलला ते चालतं. पण एक्सएचटीएमएलला ती रेघ लागतेच आणि एमेटनं ती त्याच्या कागदावर लिहूनही ठेवली आहे. तरी वापरणाऱ्याचा कागद वर असल्यानं रेघ जाते आणि जुन्या प्रोजेक्टमधलं पान चुका दाखवू लागतं. माणूस एमेटला दोष देतो. खरं तर एमेटनं त्याचं तंतोतंत ऐकलेलं असतं.

दुसरा खड्डा याहून वाईट. वरचा कागद खालची नोंद झाकतो तेव्हा ती पूर्ण झाकतो. दोन्ही एकत्र करत नाही. रिॲक्टमध्ये वापरल्या जाणाऱ्या जेएसएक्समध्ये 'क्लास' ऐवजी 'क्लासनेम' लिहावं लागतं. एमेटकडे अशा अदलाबदलीची छोटी यादी आहे. कोणाला त्यात स्वतःची एक अदलाबदल वाढवायची असेल आणि त्यानं फक्त तेवढीच लिहिली, तर जुनी यादी गायब. 'क्लासनेम' येणं बंद. यादीत भर टाकायची असेल, तर जुनी यादीही पुन्हा लिहावी लागते. हे कळेपर्यंत एखादी दुपार सहज जाते.

व्हीएस कोडचे थर वेगळेच

बहुतेक लोक एमेटला थेट भेटत नाहीत, ते व्हीएस कोडमधून वापरतात. आणि व्हीएस कोडचे स्वतःचे थर आहेत. मूळ किंमत, मग 'युझर' म्हणजे त्या माणसाच्या लॅपटॉपवरचं सेटिंग, मग 'वर्कस्पेस' म्हणजे त्या प्रोजेक्टचं सेटिंग, आणि एकाच वेळी अनेक फोल्डर उघडले असतील तर त्या फोल्डरचं. हे सगळे थर आधी व्हीएस कोड आपसात मिटवतं. निघालेलं उत्तर एमेटला देतं, आणि ते एमेटच्या सगळ्यात वरच्या कागदावर जाऊन बसतं. म्हणून व्हीएस कोडमध्ये भाषा नीट लिहिली, तर एमेटच्या आतलं काहीही तिला अडवत नाही. अडचण आली तर ती व्हीएस कोडच्या थरांतच शोधायची.

इथे नियम मात्र एमेटसारखे नाहीत. साधी किंमत किंवा यादी असेल तर वरचा थर खालचा पुसतो. पण नाव आणि किंमत अशा जोड्यांचा गठ्ठा असेल, तर व्हीएस कोड गठ्ठे एकत्र करतं. एमेटची भाषा ज्या 'एमेट डॉट व्हेरिएबल्स' सेटिंगमध्ये लिहायची, ते असाच गठ्ठा आहे. युझरमध्ये एक जोडी, वर्कस्पेसमध्ये दुसरी, तरी दोन्ही टिकतात. एकच नाव दोन्हीकडे असेल, तरच वर्कस्पेसचं चालतं.

आणि एक अपवाद भल्याभल्यांना चकवतो. एखाद्या प्रोग्रामिंग भाषेपुरतं दिलेलं सेटिंग नेहमी सरसकट सेटिंगवर मात करतं, ते कितीही खालच्या थरातलं असलं तरी. प्रोजेक्टमध्ये सगळ्यांसाठी ठरलं की दोन स्पेस आत सरकायचं. एका माणसानं मात्र स्वतःच्या लॅपटॉपवर कधीकाळी 'फक्त एचटीएमएलसाठी चार' असं लिहून ठेवलं आहे. त्याच्याकडे चारच येणार. प्रोजेक्टचा थर वर आहे, तरीही. मग टीममध्ये 'माझ्याकडे तर बरोबर येतंय' हा संवाद सुरू होतो.

म्हणजे एकाच टॅबच्या मागे दोन कायदे चालतात. एमेट आधी बघतं नियम कोणाचा, व्हीएस कोड आधी बघतं नियम किती नेमका.

एकच दुकान, तीन ग्राहक

समजा, पिंपळे सौदागरमधल्या एका छोट्या एजन्सीकडे तीन कामं आहेत. चाकणमधल्या पॅथॉलॉजी लॅबची मराठी वेबसाइट. भोसरी एमआयडीसीतल्या, परदेशात पार्ट पाठवणाऱ्या वर्कशॉपची इंग्रजी वेबसाइट. आणि एक रिॲक्ट ॲप.

लॅबच्या पानावर 'ईएन' येतंय हे लक्षात आल्यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे लॅपटॉपच्या युझर सेटिंगमध्ये 'लँग'पुढे 'एमआर' लिहिणं. लॅबचं काम झालं. दुसऱ्या दिवशी त्याच लॅपटॉपवर वर्कशॉपचं नवं पान बनतं आणि जर्मनीतल्या ग्राहकासमोर जाणारं इंग्रजी पान स्वतःला मराठी म्हणवू लागतं. चूक तीच, फक्त उलटी. शिवाय महिन्याभरानं लॅबचं काम नव्या मुलीकडे गेलं, तर तिच्या लॅपटॉपवर हे सेटिंग नाहीच. तिथे पुन्हा 'ईएन'.

म्हणून भाषेची ओळ प्रोजेक्टच्या थरात हवी. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'डॉट व्हीएसकोड' नावाचा फोल्डर आणि त्यात 'सेटिंग्ज डॉट जेसन' ही फाइल. ही फाइल कोडसोबतच गिटमध्ये ठेवायची, म्हणजे जो कोणी प्रोजेक्ट उघडेल त्याला ती मिळते. माणसाची आवड युझरमध्ये, ग्राहकाची गरज वर्कस्पेसमध्ये. अक्षराचा आकार, रंगसंगती या आवडी झाल्या. पानाची भाषा ही आवड नाही.

आपलं सेटिंग चालत नाही असं वाटलं, तर व्हीएस कोडच्या सेटिंगच्या खिडकीत त्याचं नाव शोधायचं. ते दुसऱ्या थरातही बदललेलं असेल, तर नावाशेजारीच 'ऑल्सो मॉडिफाइड इन' अशी टीप आणि त्या थराचं नाव दिसतं. त्यावर क्लिक केलं की थेट तिथे जाता येतं. शोधाच्या चौकटीत @ चिन्हाला जोडून 'मॉडिफाइड' लिहिलं, तर आजवर बदललेली सगळी सेटिंग समोर येतात. दोन वर्षांपूर्वी कोणत्यातरी व्हिडिओत बघून केलेले बदलही त्यात सापडतात.

सेटिंगनं न सुटणारा भाग

एमेट टॅब दाबल्याच्या क्षणी काम करतं आणि बाजूला होतं. त्यामुळे सेटिंग बदललं तरी आधी तयार झालेली पानं बदलत नाहीत. त्यासाठी प्रोजेक्टभर शोधून जुनं 'ईएन' बदलावं लागतं. सगळं डोळे मिटून बदलायचं नाही. एखादं पान खरंच इंग्रजी असू शकतं. मराठी पानात मधेच इंग्रजी परिच्छेद असेल, तर त्या परिच्छेदाच्या टॅगवर वेगळं 'ईएन' असणं बरोबरच आहे.

शिवाय 'ईएन' फक्त एमेटमधूनच येतं असंही नाही. व्हीटसारख्या टूलनं नवा प्रोजेक्ट सुरू केला की त्याच्या तयार साच्यातल्या पहिल्या पानावर ते आधीच छापलेलं असतं. तिथे एमेटच्या कोणत्याही थराचा संबंध नाही, ती फाइल उघडून हातानंच बदलायची. वर्डप्रेसवर वेबसाइट असेल, तर भाषा सहसा ॲडमिनच्या 'साइट लँग्वेज'मधून येते. मजकूर मराठीत भरला आणि ही निवड इंग्रजीच ठेवली, तर पानही इंग्रजीच राहतं.

बदल झाला की नाही हे तपासायला कोड वाचता यायची गरज नाही. विंडोजच्या कंप्युटरवर एनव्हीडीए घ्यायचं, त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजाला मराठी येतं, आणि पान उघडून डोळे मिटून ऐकायचं. लॅबच्या मालकालाही हे जमेल.